मंडळीची जागल

ऑक्टोबर सरत आला की पावसाने मागे ठेवलेली ओल अजून जमिनीत असते, संध्याकाळी हवेत पहिला गारवा उतरू लागतो, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये वर्षअखेरीची लगबग हळूच सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत कबरस्तानात जायचे, आपल्या माणसांच्या कबरी झाडून-पुसून फुले ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या. मग आगमनकाळ, नाताळच्या गीतांच्या तालमी, घरोघरची रंगरंगोटी. आणि या धामधुमीच्या आगेमागे कुठे वार्षिक सभा, कुठे हिशेबाचे वाचन, कुठे नव्या कमिटीची निवड. या सगळ्याच्या उंबरठ्यावर ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणेचा दिवस दरवर्षी उभा असतो. त्याच्या जवळच्या रविवारी उपदेशात मार्टिन ल्यूथरचे नाव निघते, विटेनबर्गच्या राजवाड्यातील चर्चच्या दाराचे वर्णन होते, आपण माना डोलावतो आणि उपासना संपल्यावर घरी येतो. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी मंडळीची राखण केली, याचे समाधान घेऊन आपण परततो. आज ती राखण कोण करीत आहे, हा प्रश्न मात्र चर्चच्या पायऱ्यांवरच राहून जातो.

या दिवसाविषयीची एक गैरसमजूत प्रथम दूर केली पाहिजे. हा दिवस दुसऱ्या पंथाला हिणवण्याचा नाही. १५१७ साली ल्यूथर बाहेरून दगड मारणारा नव्हता. तो त्याच घरातला संन्यासी होता, विद्यापीठात शास्त्र शिकवण्याची शपथ घेतलेला अध्यापक होता, आणि पापांगीकारासाठी येणाऱ्या माणसांच्या आत्म्याची काळजी वाहणारा पाळक होता. योहान टेट्झेल हा क्षमापत्रांचा विक्रेता सॅक्सनीच्या हद्दीत येऊ शकत नव्हता, म्हणून विटेनबर्गची माणसे शेजारच्या युटरबोगला जाऊन ती पत्रे विकत आणीत, आणि पश्चात्तापाची आता गरज उरली नाही अशा समजुतीने वावरत. ल्यूथरची झोप उडाली ती या साध्यासुध्या माणसांमुळे. त्याने पंच्याण्णव मुद्दे खरोखर दारावर ठोकले की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण त्याच दिवशी ते मुद्दे सोबत जोडून त्याने माइन्झचा आर्चबिशप अल्ब्रेख्ट याला नम्र शब्दांत पत्र लिहिले, हे पक्के आहे. म्हणजे पहिली हाक घरातल्या थोरल्यालाच होती.

आणि त्या थोरल्याची गोष्टच आपल्याला आज अधिक शिकवणारी आहे. हा अल्ब्रेख्ट राजघराण्यातला तरुण. एक आर्चबिशपपद हाती असताना त्याने माइन्झचे दुसरे, त्याहून वजनदार पद मिळवले. वय कमी, पदे एकाहून अधिक, दोन्ही गोष्टी मंडळीच्या नियमांत न बसणाऱ्या. म्हणून रोमकडून खास परवानगी घ्यावी लागली आणि त्या परवानगीची भरभक्कम किंमत चुकवावी लागली. ती रक्कम आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाने काढली गेली. कर्ज फेडण्यासाठी त्याच्या प्रांतात क्षमापत्रांची विक्री मंजूर झाली. निम्मा पैसा रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाला आणि निम्मा सावकाराला. गावोगावी पेटी घेऊन फिरणाऱ्या टेट्झेलबरोबर फुगरांची माणसेही असत. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते: खोटी शिकवण आणि अपात्र पुढारी हे दोन निराळे रोग नाहीत. ज्याने पद पैशाने मिळवले त्याला ते पैसे कुठून तरी वसूल करावे लागतात, आणि मंडळीत वसुलीचा सर्वांत सोपा मार्ग शिकवणीतून जातो. कृपेला भाव लावला जातो, भीतीला भाव लावला जातो, आणि व्यासपीठावरून बोलला जाणारा शब्द कर्जाच्या हप्त्याप्रमाणे वाकू लागतो.

म्हणूनच नव्या करारात पुढाऱ्याच्या निवडीविषयी जे सांगितले आहे ते इतके घरगुती, इतके साधे आहे. तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांतील ती यादी आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. त्या यादीत वक्तृत्वाचा उल्लेख नाही, गर्दी जमवण्याच्या हातोटीचा नाही, परदेशी ओळखींचा तर नाहीच. आहे तो घरच्या वागणुकीचा, पैशाच्या लोभापासून दूर असण्याचा, दारूच्या आहारी न जाण्याचा, भांडखोर नसण्याचा, पाहुण्याचे स्वागत करण्याचा, बाहेरच्या लोकांतही चांगले नाव असण्याचा, आणि शिकवता येण्याचा. नवख्याला घाईने वर बसवू नये, असेही तिथे बजावले आहे. एवढ्या सगळ्या अटींपैकी कौशल्याची अट एकच. बाकीच्या साऱ्या चारित्र्याच्या. आपण मात्र निवडणुकीच्या वेळी ही यादी उलटी करतो. बोलतो कसा, हे पहिल्यांदा पाहतो; कुणाचा माणूस आहे, हे त्यानंतर; आणि घरी कसा वागतो, हे सगळे झाल्यावर, कुजबुजत.

प्रेषितांच्या कृत्यांत मिलेत बंदरावरचा एक निरोप आहे. इफिसच्या वडिलांना पौलाने तिथे बोलावून घेतले आणि सांगितले की आपण गेल्यावर कळपात क्रूर लांडगे शिरतील. आणि त्याहून जड गोष्ट अशी की, तुमच्यामधूनच काही माणसे उठतील आणि शिष्यांना आपल्या मागे ओढून नेतील. मचाणावर बसून रात्रभर उभ्या ज्वारीची जागल करणारा शेतकरी गोफण शिवाराच्या दिशेने रोखून धरतो. मंडळीची जागल करणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही, त्याला मान वळवून आपल्या पाठीमागेही पाहावे लागते. कारण मंडळीच्या इतिहासात जी शिकवण खरोखर घातक ठरली ती बहुधा परक्याच्या तोंडून आली नाही. ती आपल्याच भाषेत, आपल्याच चालीवर, आपल्याला हवेहवेसे वाटणारे बोलत आली.

पहिल्या पिढ्यांना याची जाण होती. 'डिडाखे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अतिप्राचीन छोट्या ग्रंथात फिरत्या उपदेशकाला ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत, आणि त्या वाचून आजही हसू आणि लाज एकदमच येते. पाहुणा आला तर त्याचे आदराने स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजावा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल तर ठीक. पैसे मागेल तर तो खोटा. जे शिकवतो ते स्वतः आचरत नसेल तर तोही खोटा. या कसोट्यांना पंडिताची गरज नव्हती. चुलीपुढच्या गृहिणीलाही त्या लावता येत होत्या. राखणीचे काम साऱ्या मंडळीचे आहे, अशी त्या काळची सहज समजूत होती.

आता विटेनबर्गचीच दुसरी तारीख आठवू या, कारण ती आपण सहसा उच्चारत नाही. २७ सप्टेंबर १९३३. ज्या गावात ल्यूथरने ते मुद्दे लिहिले त्याच गावात जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीच्या राष्ट्रीय सिनडने लुडविग म्युलर नावाच्या माणसाला साऱ्या राष्ट्राचा बिशप म्हणून निवडले. म्युलर हिटलरच्या मर्जीतला होता, आणि हीच त्याची खरी पात्रता. दोनच महिन्यांपूर्वी, २३ जुलैला, मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या होत्या; आदल्या संध्याकाळी खुद्द हिटलरने रेडिओवरून 'जर्मन ख्रिस्ती' या गटाच्या बाजूने भाषण केले आणि त्या गटाला सुमारे दोन तृतीयांश मते पडली. तलवारीच्या धाकाने कुणी चर्चचा दरवाजा फोडला नव्हता. रविवारी उपासनेला येणाऱ्या, मुलांचा बाप्तिस्मा करणाऱ्या, मोठ्यांच्या कबरींवर फुले ठेवणाऱ्या माणसांनीच आपल्या हाताने कागदावर खूण करून खोट्या शिकवणीला आत घेतले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, ल्यूथरच्या ४५० व्या जयंतीच्या दिवसांत, बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये हजारोंच्या सभेत या गटाच्या एका पुढाऱ्याने जुना करार टाकून देण्याची आणि ज्यू रक्ताच्या ख्रिस्ती पाळकांना दूर करण्याची भाषा केली. सुधारकाच्या नावाच्या उत्सवाच्या दिवसांतच सुधारणेचा गाभा विकायला काढला गेला.

या अंधारात जी माणसे उठली त्यांची पद्धत आपण लक्षात ठेवावी अशी आहे. मार्टिन नीमोलर आणि डीट्रिख बोनहोफर यांच्यासारख्या पाळकांनी त्याच सप्टेंबरात संकटात सापडलेल्या पाळकांसाठी संघ उभा करायला हात घातला. पुढच्या वर्षी, २९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत, बार्मेन गावच्या गेमार्के चर्चमध्ये लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा निरनिराळ्या परंपरांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी सहा कलमांचे घोषणापत्र मान्य केले. त्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने सिद्ध केला होता. प्रत्येक कलमाची घडण एकसारखी आहे: आधी शास्त्रवचन, मग त्यावरून आपण काय मानतो याची कबुली, आणि शेवटी आपण काय नाकारतो याचे स्पष्ट उच्चारण. हा क्रम फार शहाणपणाचा आहे. जो फक्त नाकारतो त्याच्या हाती शेवटी कडवटपणाच उरतो. जो फक्त कबुली देतो आणि नाकारायला कचरतो, त्याची कबुली कुणालाही आड येत नाही आणि कुणालाही वाचवत नाही. पुढच्याच वर्षी फिंकनवाल्डे येथे बोनहोफरने तरुण पाळकांसाठी सेमिनरी चालवली, कारण खोट्या पुढाऱ्यांना पर्याय म्हणून खरे पुढारी घडवावे लागतात हे त्याला कळले होते. १९३७ मध्ये गेस्टापोने ती बंद केली. नीमोलर त्याच वर्षी तुरुंगात गेला तो युद्ध संपेपर्यंत सुटला नाही. बोनहोफरला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी झाली.

मात्र बार्मेनलाही आपण सोन्याचा मुलामा देऊ नये. त्या सहा कलमांत ज्यू शेजाऱ्यांवर चाललेल्या जुलमाबद्दल एक शब्द नाही, आणि ही उणीव पुढे बार्थने स्वतः मान्य केली. मंडळीने स्वतःच्या शिकवणीचे दार राखले, पण रस्त्यावर मार खाणाऱ्या माणसासाठी ते पुरेसे उघडले नाही. खरी शिकवण आणि शेजाऱ्याची काळजी यांची फारकत झाली की राखणदारीही अपुरी पडते.

राखणदारीची आणखी एक तारीख याच आठवड्यात येते, आणि तिच्याकडे पाठ फिरवून ३१ ऑक्टोबर साजरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या विद्वान वैद्याला त्र्यैक्याविषयीच्या त्याच्या मतांबद्दल जिवंत जाळण्यात आले. शहर सुधारणेचे, नेता कॅल्विनसारखा प्रकांड शास्त्री, आणि आरोप खोट्या शिकवणीचाच. साडेतीनशे वर्षांनी, १९०३ साली, कॅल्विनच्याच परंपरेतील लोकांनी त्या जागेजवळ प्रायश्चित्ताचा दगड उभारला. ल्यूथरने स्वतः १५४३ मध्ये ज्यू लोकांविरुद्ध जे विखारी पुस्तक लिहिले, त्याचा आधार पुढे नाझींनी घेतला. म्हणजे राखण करणाऱ्याच्या हातूनही अपराध घडतो. आणि तो घडतो तेव्हा बहुधा सत्याच्या आवेशातच घडतो. म्हणून शास्त्राने राखणदारालाही मर्यादा घातल्या आहेत. वडिलांविरुद्धचा आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, आणि दोष सिद्ध झाला तर तो झाकू नये. भावाचा अपराध आधी एकांतात सांगावा, मग दोघातिघांसमोर, मग मंडळीपुढे. या वाटेत घाई नाही, तशी पळवाटही नाही. चारित्र्यहनन आणि झाकपाक या दोन्ही टोकांमधली ही अरुंद वाट आहे, आणि आपण दोन्ही बाजूंना पडलो आहोत.

आता आपल्या अंगणाकडे वळू या. महाराष्ट्रातील मंडळीला राखणीचा वारसा परक्यांकडून उसना आणण्याची गरज नाही. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला सुरू झाला, आणि श्रद्धेविषयी चारचौघांत, छापील अक्षरांत वाद घालण्याची सवय मराठी ख्रिस्ती वाचकाला फार लवकर लागली. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्यापुढे तेजाने उभे आहे. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर, आपल्यावर मनापासून माया करणाऱ्या अँग्लिकन वडीलधाऱ्यांनाही त्यांनी पत्रांतून निर्भयपणे प्रश्न विचारले. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि त्या केवळ प्रश्न विचारून थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्याच स्त्रियांचे हात त्याच्या छपाईला लागले, आणि ते काम हातावेगळे करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी डोळे मिटले. अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठी वाचकांच्या हाती दिले, ते याच वाटेवरचे पाऊल. खोट्या शिकवणीपासून मंडळीचे रक्षण करण्याचा याहून मोठा उपाय नाही. ज्या घरात शास्त्र उघडले जाते त्या घरातल्या माणसाला फसवणे कठीण होते. बिरुयाची माणसे तर प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांना उद्धट म्हटले गेले नाही, थोर म्हटले गेले.

या वारशाच्या उजेडात आपली आजची स्थिती पाहिली तर मन अस्वस्थ होते. चंगाई सभांचे फलक शहराच्या नाक्यांवर झळकतात. प्रार्थनेने आजारी माणसाला धीर द्यावा, हात ठेवावा, हे आपल्या श्रद्धेतच आहे, पण मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रोग्याला औषधे सोडायला सांगणारा उपदेशक त्या माणसाच्या जिवाशी खेळतो. बीज पेरा म्हणजे शंभरपट परत मिळेल, असे सांगून महिन्याच्या पगारातला वाटा मोबाइलवरच्या कोडने घेतला जातो, अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या विकल्या जातात, आणि ज्याला पीक मिळाले नाही त्याला त्याचाच विश्वास कमी पडला असे ऐकवले जाते. गरिबाचे दुःख हेच त्याचे पाप ठरवणारी ही शिकवण क्षमापत्रांहून फार वेगळी नाही. टेट्झेलच्या हाती निदान एक कागद तरी होता.

आणि कुणी प्रश्न विचारलाच तर एक ठरलेले उत्तर येते: देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. या उत्तराने आपल्यातील कितीतरी भल्या माणसांची तोंडे बंद केली आहेत. पण दावीद हाही अभिषिक्तच होता, आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्या अपराधावर त्याच्यासमोरच बोट ठेवले. पेत्र हा तर प्रेषितांचा अग्रणी. अंत्युखियात तो दबावाखाली येऊन परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला खोडून काढले. अभिषेक हा जाबातून सुटण्याचा परवाना असता, तर शास्त्रात या दोन गोष्टी लिहिल्याच गेल्या नसत्या.

पेत्र पंगतीतून उठला, ही गोष्ट आपल्याला आणखी एका कारणासाठी टोचायला हवी. बर्लिनच्या त्या सभेत रक्ताला बाप्तिस्म्याहून मोठे ठरवले गेले म्हणून आपण हळहळतो. पण मुलामुलींची लग्ने ठरवताना बाप्तिस्म्याआधीची जात आपण आडून आडून विचारतो की नाही? कमिटीच्या निवडणुकीत कोणत्या वाडीची, कोणत्या भावकीची मते किती, याचे गणित मांडतो की नाही? व्यासपीठावरून कधी न शिकवलेली, पण घराघरांत पाळली जाणारी ही खोटी शिकवण आहे. तिचा उपदेशक कुणी बाहेरचा नाही.

पैशाची आणि जमिनीची गोष्ट तर उघडच बोलली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर मिळालेल्या जागांवर उभी राहिलेली मिशन कंपाउंडे आज शहराच्या मध्यावर आली आहेत, आणि त्यांच्या भावाने भल्याभल्यांची झोप उडवली आहे. जिथे पदाबरोबर जमिनीच्या सह्या करण्याचा अधिकार येतो, तिथे पदासाठी धडपड करणारा प्रत्येक जण सेवेसाठीच धडपडत असेल असे मानणे भोळेपणाचे होईल. अल्ब्रेख्टचे कर्ज इथेही वेगळ्या रूपात निघते. कायद्याने आपल्या हाती साधने दिलेली आहेत: सार्वजनिक न्यासांचा १९५० चा अधिनियम हिशेबांची तपासणी मागतो, आणि न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी मागतो. पण सभासदांनी कागद पाहायचेच नाहीत असे ठरवले, तर कुठलाही कायदा त्यांच्या वतीने डोळे उघडे ठेवू शकत नाही. तसेच लेकरांच्या सुरक्षिततेचे. लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे; तो विषय कमिटीच्या बंद खोलीत मिटवायचा नसतो, आणि पाळकाची बदली करून संपवायचा तर मुळीच नसतो.

यावर एक शंका मनात येते, आणि ती खोटी नाही. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत आपण जेमतेम एक टक्का. बाहेर आधीच संशयाच्या नजरा. त्यात आपणच आपल्या मंडळीतील दोष बोलू लागलो तर आयतेच कोलीत दुसऱ्याच्या हाती जाईल, असे वडीलधारी कळवळून सांगतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु ज्या गोष्टी आपण लाजेने झाकल्या त्या कधीच झाकलेल्या राहिल्या नाहीत. त्या वर्षांनी, अधिक कुरूप होऊन, कोर्टाच्या निकालांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत उगवल्या. लहान समाजाचे खरे बळ त्याच्या विश्वासार्हतेत असते. पुढाऱ्याला बाहेरही चांगले नाव असावे, ही शास्त्राची अट बहुधा याचसाठी आहे.

आणि तरीही हा दिवस निराशेचा नाही. नवीकरणाचा अनुभव मंडळीला पुन्हा पुन्हा आलेला आहे, आणि तो नेहमी एकाच जागेतून आला आहे: शिकवणीच्या वर्गातून. १५२८ मध्ये सॅक्सनीतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांची पाहणी करताना ल्यूथरला दिसले की लोकांनाच काय, पुष्कळ पाळकांनाही प्रभूची प्रार्थना धड येत नाही. सुधारणेला दहा वर्षे होऊन गेल्यावरचे हे चित्र होते. त्यावर त्याने १५२९ मध्ये एक लहानशी प्रश्नोत्तरी लिहिली, घरच्या कर्त्याने घरातच मुलामाणसांना शिकवावी अशी. तिकडे कॅथॉलिक मंडळीनेही आपल्या आजाराचे निदान तसेच केले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात भावी याजकांसाठी सेमिनरी असावी असे ठरवले. भांडणाच्या दोन्ही बाजूंना एकच औषध सापडले होते. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, फुगरांच्याच आउग्सबुर्ग शहरात, लुथरन आणि कॅथॉलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या तत्त्वावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. चार शतके एकमेकांना पाखंडी म्हणणाऱ्यांनी कृपेच्या शिकवणीवर एकमताचे शब्द शोधले. राखण आणि सलोखा एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे.

आपल्यासाठी कर्तव्य म्हणून जे उरते ते फार अवघड नाही. फक्त ते रोजचे आहे, आणि रोजच्या कामाला मखर नसते. संडे स्कूलचा वर्ग ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्याकडे सोपवायचा नसतो. मंडळीतील सर्वांत वाचलेल्या, सर्वांत धीराच्या माणसाची ती जागा आहे. नव्या उपदेशकाला व्यासपीठ देण्याआधी त्याने कुठे शिक्षण घेतले, कुणाच्या शिस्तीखाली तो आहे, जिथून आला तिथे त्याचे नाव कसे आहे, हे विचारणे हा अपमान नाही. निवडणुकीत उमेदवाराच्या घरच्या वागणुकीची चौकशी भावकीच्या गणिताआधी झाली पाहिजे. हिशेबाचे वाचन संपेपर्यंत सभा सोडू नये, आणि कळले नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नये. प्रामाणिक पाळकाला तर या सगळ्याने बळच येते, कारण प्रश्न विचारणारी मंडळी त्याला एकटे पडू देत नाही. आपल्यातले बहुसंख्य पाळक तुटपुंज्या मानधनावर, पावसापाण्यात, गावोगाव हिंडून, आजाऱ्याच्या उशाशी आणि कबरीच्या काठाशी उभे राहतात. खोट्यांना मोकळे रान दिले तर पहिला अन्याय या माणसांवर होतो.

म्हणून यंदाच्या धर्मसुधारणा दिनी आपण ल्यूथरविषयी थोडे कमी बोललो तरी चालेल. त्याऐवजी तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय घरात सर्वांनी मिळून वाचावा, आपल्या मंडळीच्या वार्षिक सभेची तारीख विचारून घ्यावी, आणि त्या सभेला वेळेवर जावे.